मिस्टर मागून येताहेत

"मिस्टर कुठायत?" काउंटरमागच्या बावळेकरांनी माझ्या खांद्यावरून बाहेर बघत विचारलं. बाहेर फक्त हमाल उभा होता, माझी बॅग डोक्यावर घेऊन.

"मागून येताहेत," मी म्हटलं. "उद्या सकाळच्या गाडीनं."

"मग ठीक. न्हाईतर एकट्या माणसाला आमी रूम देत न्हाई. गडी असूदे, न्हाईतर बाई असूदे."

"का हो?"

त्यांनी आवाज जरा खाली आणला. "महाबळेश्वरात दऱ्या लई, ताई. एकटा माणूस येतो, पोटभर जेवतो, आणि सकाळी कुठल्या तरी पॉइंटवर नुसत्या चपला सापडतात. मग आमच्या डोक्याला ताप."

मला हसू आलं, ते मी दाबलं. सातारच्या स्टँडवर घेतलेले काळे मणी त्यांना दिसतील असे पदरावर ओढून घेतले आणि नाव सांगितलं, सौ. लावून. पत्ता विचारला तेव्हा मात्र सांगलीचा, गल्लीसकट, खराखुरा सांगून टाकला. फोन नंबरसुद्धा. खोटं बोलायची सवय नसली की असं होतं. नवरा खोटा दिला आणि पत्ता खरा.

ही शहाण्णव सालची गोष्ट. मी चाळिशीची, सांगलीत टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर, लग्न न झालेली. का नाही झालं हे विचारणारे बहुतेक आता वर गेले, म्हणून ते सांगत बसत नाही. राहायला दादाकडे. दादा, वहिनी, त्यांची दोन मुलं आणि मी. त्या घरात मला प्रेमाची कमी नव्हती, दाराची होती. झोपायचे मुलांच्या खोलीत, साड्या वहिनीच्या कपाटात अगदी खालच्या कप्प्यात. आतून लावता येईल अशी कडी एकच, न्हाणीघराची. तिथंही पाणी अंगावर घेतलं न घेतलं तोच कुणीतरी दार वाजवायचं, "आत्या, आटप की."

दादाचं कुटुंब दर वर्षी कुठंतरी हिंडायला जायचं आणि मला बरोबर न्यायचं. किती चांगला भाऊ, असं लोक म्हणायचे. त्याच्या दोन-तीन वर्षं आधी ह्याच महाबळेश्वरला वेण्णा तलावावर दादा-वहिनी नौकेत बसले, मग मुलांना घेऊन पुन्हा बसले, आणि मी काठावर सगळ्यांच्या चपला राखत बसले. परत आल्यावर वहिनी चार माणसांत म्हणाली, "वन्सं, तुम्हाला पाण्याची भीती वाटते ना?" मला पाण्याची भीती कधीच वाटली नव्हती. पण तिनं इतक्या मायेनं विचारलं की मी हो म्हटलं. माझा हा स्वभावच.

तर मी ठरवलं होतं. सांगलीतच विश्रामबागेत दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या, किल्ली पर्समध्ये होती. घरी सांगायचं तेवढं बाकी होतं. त्याआधी एकदा एकटीनं राहून बघायचं होतं, आणि राहायचंच तर उपाशी मांजरासारखं कोपऱ्यात कशाला राहायचं? लग्न झालेल्या बायका पहिल्यांदा जिथं येतात तिथंच यायचं, त्या जे करतात ते सगळं करायचं, एक गोष्ट सोडून. घरी सांगितलं की ऑफिसातल्या बायकांबरोबर कोयनेला चाललेय.

बावळेकरांनी साधी खोली दाखवली तर मी म्हटलं, "नको, ती कपल रूम द्या."

काय खोली होती ती. गोल पलंग, गुलाबी पडदे, उशाशी आरसा, टॉवेलचे केलेले दोन हंस चोचीला चोच लावून बसवलेले. मी आत गेले आणि पहिल्यांदा दाराला कडी लावली. मग काढली. मग पुन्हा लावली. हंस सोडवून त्यांचे टॉवेल केले आणि अंघोळीला गेले. गरम पाणी संपेपर्यंत अंघोळ केली, कुणी दार वाजवलं नाही. काळे मणी मानेला टोचत होते, ते काढून खिडकीच्या खिळ्याला अडकवले. नंतर त्या गोल पलंगावर हातपाय पसरून आडवी झाले आणि मोठ्यानं हसले. त्या दिवशी मी जितकी आनंदात होते तितकी त्याआधी नव्हते, आणि नंतर तर विचारूच नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन मालकीणबाई स्वतः आल्या. बावळेकरांच्या पत्नी, गोऱ्या, ठेंगण्या, बोलक्या. त्यांची नजर आधी पलंगावर गेली, मग माझ्या गळ्यावर, मग खिळ्यावर.

"सायेब आलं न्हाईत व्हय?"

"नाही," मी म्हटलं. "आणि खरं सांगू का, नाही आले तेच बरं झालं."

मी थट्टेत बोलले होते. त्या चहाचा कप तसाच धरून उभ्या राहिल्या.

"गळ्यातलं काढून ठिवलंत, बाई?"

"टोचतं हो. काय करायचंय घालून?"

त्यांनी कप खाली ठेवला आणि मागं न बघता निघून गेल्या. आज कळतं की तिथंच सगळं संपलं होतं. मला मात्र खिडकीतून येणारं ऊन दिसत होतं आणि दिवस अख्खा पुढ्यात होता.

बाजारात जाऊन लाल स्वेटर घेतला. जुना, कोपरावर विरलेला, झाडलोट करणाऱ्या ताराबाईला देऊन टाकला. "घ्या, मला आता लागायचा नाही." तिनं तो छातीशी धरला आणि माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, गरीब बिचारी, कुणी काही दिलं नसेल हिला कधी. मग स्ट्रॉबेरी क्रीम खाल्लं. दुकानदारानं विचारलं, "दोन का?" म्हटलं, "दोन." दोन्ही मीच खाल्ली, एकाच चमच्यानं.

संध्याकाळी सूर्यास्त बघायला पॉइंटवर गेले तर लॉजचा गणपत नावाचा माणूस मागोमाग हजर. कठड्याजवळ उभी राहिले की हा माझ्या आणि कठड्याच्या मध्ये.

"तुम्ही कशाला आलात?"

"मालकांनी सांगितलंय, संगट ऱ्हा म्हून."

कपल रूमवाल्यांना ही सोय असेल, असं मला वाटलं. आपल्यालाही कुणी मान देतंय म्हणून मी आणखीच फुशारले. सगळीकडे जोडपी एकमेकांना चिकटून उभी होती. त्यांच्यात मी, लाल स्वेटरातली. खाली दरीत निळसर धूर भरत चालला होता.

"हे खाली किती खोल असेल हो, गणपत?" मी विचारलं.

गणपतनं माझा दंड धरला. "चला बाई, थंडी वाजंल," म्हणाला आणि जवळजवळ ओढतच मला परत आणलं.

जेवायला हिरवी इरकल नेसले. ती साडी आईनं माझ्या लग्नासाठी घेऊन ठेवली होती आणि तिची घडी कधी मोडलीच नव्हती, घडीवर पिवळी रेघ पडली होती. केसांत गजरा माळला. बासुंदी दोनदा घेतली. बावळेकर समोर येऊन उभे राहिले तेव्हा मी अगदी मनापासून म्हटलं, "मालक, जन्माचं जेवले बघा. आता काही राहिलं नाही."

त्यांचा चेहरा पडला. मला वाटलं, बासुंदीची वाटी फार झाली की काय.

वर जाऊन बघते तर बाल्कनीतली कपडे वाळत घालायची दोरी गायब. पेरू कापायला दिलेली सुरी गायब. बाथरूममधला फिनेलचा डबासुद्धा. म्हटलं, धुवायला, भरायला नेलं असेल. शहाणी माणसं म्हणतात ना, डोळे असून आंधळी, ती मी. कडी लावली आणि गाढ झोपले.

नौका मी शेवटच्या दिवसासाठी राखून ठेवली होती. लहानपणापासून ही खोड, पानातली गोड फोड शेवटी खायची. सकाळी बाजारात जाऊन मुलांसाठी चिक्की घेतली, वहिनीसाठी चामड्याच्या चपला. दुपारी नौका, मग सांगलीची गाडी, असा बेत होता. खोलीची किल्ली घ्यायला काउंटरवर गेले तर बावळेकर म्हणाले, "उघडीच हाय, ताई. जावा तुमी." मालकीणबाई त्यांच्यामागं पदरानं डोळे पुसत होत्या.

गोल पलंगावर दादा आणि वहिनी बसले होते.

दादा उठला आणि त्यानं मला मिठी मारली. आमच्यात मिठ्या मारायची पद्धत नाही. आई गेली तेव्हासुद्धा तो कोरडा उभा होता. आता मात्र लहान मुलासारखा हुंदके देत होता. "शरू, काय कमी केलं गं आम्ही तुला? एकदा बोलायचं तरी होतंस. देवाची कृपा, ह्या माणसांनी फोन केला."

चिक्कीची पिशवी माझ्या हातात तशीच होती. काय झालंय ते मला कळायला वेळ लागला. पण खरं सांगते, कळण्याआधी तो रडत होता ते मला फार आवडलं. माझ्यासाठी कुणी रडेल असं मला कधी वाटलंच नव्हतं.

मालकीणबाई दारातून म्हणाल्या, "गळ्यातलं काढून ठिवलं हुतं. सेटर दिऊन टाकला. हिरवी साडी नेसून जेवल्या, आन म्हनल्या आता काय ऱ्हायलं न्हाई. आमी काय समजायचं?"

तेव्हा कळलं. मी हसायला लागले. "दादा, अरे वेडा की काय तू? मी जीवबीव द्यायला नाही आले. मजा करायला आले होते."

दादाचे हात माझ्या पाठीवरून खाली आले.

"मजा? कुणाबरोबर?"

"एकटीच."

"एकटीची मजा?" त्यानं डोळे पुसले. पुसून झाल्यावर त्या डोळ्यांत काही उरलं नव्हतं. "दोघांची खोली घेतलीस. गळ्यात काळे मणी घातलेस. मिस्टर येताहेत म्हणून सांगितलंस. कोण आहे तो?"

"कुणी नाही. एकटीला खोली देत नाहीत म्हणून सांगितलं."

"तसं कुणी आलं न्हाई सायेब," बावळेकर मध्येच म्हणाले. "आमी ध्यान ठिवून हुतो." ते मदत करायला बघत होते, पण आगीत तेल पडलं.

"म्हणजे आला नाही," दादा म्हणाला. "बोलावलं आणि आला नाही." त्यानं माझ्या हातातली पर्स घेतली आणि पलंगावर उपडी केली. रुमाल, कंगवा, एसटीचं तिकीट, आणि किल्ली. "ही कुठली?"

"विश्रामबागेतल्या खोल्यांची. मी तिकडे राहायला जाणार आहे."

"कुणाबरोबर?"

"दादा, एकटी."

"एकटी, एकटी, एकटी," तो म्हणाला. "सांगलीत कुणाला पटणार आहे हे? मला नाही पटत, माझ्या सख्ख्या बहिणीचं. उद्या तुझ्या ऑफिसात जाऊन विचारतो, कोयनेला कोण कोण गेलं होतं. त्यांनाच सांगू दे तो कोण ते."

मग वहिनी उठली. तिनं माझा हात धरला, मला बाथरूममध्ये नेलं आणि आतून कडी लावली. मला आठवतं, माझा ओला टॉवेल खुंटीवर होता, तो तिनं सवयीनं नीट पसरला.

"वन्सं," ती हळू आवाजात म्हणाली, "मजा म्हणू नका."

"मग काय म्हणू? खरं आहे ते."

"असेल. माझा विश्वास आहे. पण ह्यांचा बसायचा नाही, आणि गल्लीचा तर नाहीच. हे ऑफिसात गेले की तुमचं तिथलं तोंड बंद झालं. पुरुष होता म्हणून कायमचा डाग लागेल." तिनं माझ्या केसांतला सुकलेला गजरा काढून हातात घेतला. "जीव द्यायला आले होते म्हणा. जीव द्यायला आलेल्या बाईला लोक समजून घेतात. हेसुद्धा घेतील. बघितलंत ना मघाशी, कसे रडले ते?"

"आणि किल्ली?"

"ती ह्यांच्याकडे देऊन टाका. तुमचं वय का आहे वेगळं राहायचं? आणि मुलं तुमच्याशिवाय जेवत नाहीत." मग ती म्हणाली, "मलाही तुमच्याशिवाय होत नाही, वन्सं."

हे तिनं अगदी खरं सांगितलं. मी बाहेर आले. दादा भिंतीकडे तोंड करून उभा होता. बावळेकर, मालकीणबाई, गणपत, सगळे दारात. त्यांच्यामागं ताराबाई, माझा स्वेटर घालून.

"दादा," मी म्हटलं, "जीव द्यायला आले होते."

तो वळला आणि पुन्हा रडायला लागला. पुन्हा मला जवळ घेतलं. मालकीणबाईंनी माझ्या पाठीवरून हात फिरवला, ताराबाई हुंदका देऊन देवाला हात जोडायला लागली. सगळ्या खोलीला एकदम माझी माया आली. त्या मायेत उभं राहून मी दादाच्या खांद्यावरून बघत होते. वहिनीनं पलंगावरची किल्ली उचलली आणि दादाच्या खिशात टाकली.

परत येताना दादानं भाड्यानं आणलेली जीप बाजारातून खाली उतरली. तलाव दिसायला लागला तशी मी काचेला नाक लावलं. नौका पाण्यावर हलत होत्या.

"ड्रायव्हर, पाण्याच्या बाजूनं नको," वहिनी म्हणाली. "दुसरा रस्ता नाही का?"

दुसरा रस्ता नव्हता. म्हणून तिनं तलाव संपेपर्यंत माझ्या डोळ्यांवर हात धरला.

घरी आल्यावर दादानं स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि न्हाणीघराची कडी काढली. मी अंघोळीला गेले की वहिनी बाहेर खुर्ची टाकून बसायची. पाण्याचा आवाज थांबला की हाक मारायची, "वन्सं?" मी "ओ" म्हणायचे. गल्लीतल्या बायका वाटीतून कायकाय आणून द्यायच्या आणि माझ्याशी आजारी माणसाशी बोलावं तसं बोलायच्या. ऑफिसात न्यायला-आणायला दादा स्वतः यायचा. मी रिटायर होईपर्यंत आला. विश्रामबागेतल्या खोल्या त्यानंच जाऊन सोडल्या, मालकाला काय सांगितलं ते मला कळलं नाही. आणि एक मात्र कबूल करायला हवं, वहिनीचं म्हणणं खरं निघालं. लोकांनी मला समजून घेतलं. एकटीला सोडलं नाही, कधीच.

दादा मागच्या वर्षी गेला. पुतणी लग्न होऊन पुण्याला असते. घरात आता वहिनी, मी, आणि पुतण्या श्रीरंग. त्याची बायको नोकरीनिमित्त बंगलोरला असते, तो येऊन-जाऊन. वर्षश्राद्ध झालं आणि त्यानंतर एके दुपारी वहिनी माझ्याजवळ येऊन बसली. भाजी निवडायला घेतली, पण निवडेना.

"वन्सं, एक विचारू? ते महाबळेश्वरचं लॉज अजून असेल का हो?"

"असेल. का?"

"जाऊन यावं म्हणते. दोन दिवस. श्रीरंगला नको, तुम्हीही नको, रागावू नका. एकटीच." ती कधी नव्हे ते लाजली, बहात्तराव्या वर्षी. "त्या नौकेत मी बसले होते ना, दोनदा. पण एकदा ह्यांचं सारखं चाललं होतं, ताठ बस, हलू नको. दुसऱ्यांदा पोरं पडतील म्हणून जीव मुठीत. पाणी कसं होतं ते मी बघितलंच नाही. एकदा नुसतं बसून बघावं वाटतं." तिनं आवाज खाली आणला. "तुम्ही खोली कशी मिळवलीत तेव्हा? काय सांगितलंत त्यांना?"

मी मेथीची जुडी तिच्या पुढ्यातून माझ्याकडे ओढली.

"मिस्टर मागून येताहेत म्हणून सांगितलं," मी म्हटलं. "तुला ते नाही जमायचं आता."

ती हसली. मीही हसले.

संध्याकाळी श्रीरंग आला. मी त्याला स्वयंपाकघरात बोलावलं आणि चहा देता देता सांगितलं, "तुझी आई एकटीच कुठंतरी जाते म्हणतेय रे. महाबळेश्वरला. पाण्यात बसायचंय म्हणते. दादा गेल्यापासून तिचं चित्त ठिकाणावर नाही. लक्ष ठेव."

त्याचा चेहरा पांढरा पडला. आमची गोष्ट त्याला लहानपणापासून पाठ आहे. त्यानं चहा तसाच ठेवला, जाऊन आईला मिठी मारली आणि रडायला लागला. वहिनी त्याच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती. "अरे, मला नुसतं फिरायला जायचं होतं," ती म्हणाली. मी मान हलवली. मग ती गप्प झाली. तिला माहीत होतं, त्या म्हणण्याचा उपयोग नसतो.

श्रीरंगनं त्याच संध्याकाळी न्हाणीघराची कडी काढली. घर नव्यानं बांधलं तेव्हा तिथं नवी बसवली होती, चांगली पितळी. वहिनी आता अंघोळीला जाते तेव्हा मी बाहेर खुर्ची टाकून बसते. पाण्याचा आवाज थांबला की हाक मारते, "वहिनी?"

ती आतून "ओ" म्हणते.